ऊस मोडून कडधान्ये लावावीत का?

कागल तालुक्यातील एका तरुण शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सरकारी गोदामांत धान्य मावत नाही आणि तांदळाच्या निर्यातीत भारत जगात पहिला आहे, तर अमेरिकेने आयातशुल्क वाढवले किंवा कुठे युद्ध पेटले की आपल्याकडे अन्नसुरक्षेची एवढी चर्चा का सुरू होते? आणि जमीन व पाणी अपुरे पडत असल्यामुळे कोल्हापूरकरांनी ऊस मोडून कडधान्ये आणि तेलबिया कराव्यात, हा सल्ला कितपत खरा मानावा? माझी तीसेक वर्षे याच जिल्ह्यात मातीपरीक्षण आणि पीकसल्ल्याच्या कामात गेली आहेत, त्या आधारावर उत्तर देतो. दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर ‘सरसकट नाही, पण काही जमिनींत आणि वर्षाच्या काही महिन्यांत होय’ असे आहे. ते तसे का आहे, हे पहिला प्रश्न नीट उलगडल्याशिवाय समजणार नाही.

तांदूळ आणि गहू यांच्यापुरते बोलायचे तर आपण आज बऱ्याच भक्कम जागी उभे आहोत. १९६५-६६ च्या दुष्काळात परिस्थिती अशी होती की अमेरिकेतून ‘पीएल-४८०’ कराराखाली येणारा गहू बंदरात उतरला की थेट रेशनवर जात असे, आणि आपले परराष्ट्र धोरण अमेरिकेला खटकले की तिथल्या राष्ट्राध्यक्षांकडून पुढच्या जहाजांची मंजुरी हात आखडून मिळत असे. भारतीय अन्न महामंडळ १९६५ मध्येच उभे राहिले होते; त्या नामुष्कीतून १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आले आणि हमीभावाने खरेदीची पद्धत रुळली. आपल्याकडच्या वयस्क मंडळींना १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी अजून आठवते. आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी लोकांना दरमहा धान्य मिळते, तेही २०२३ पासून मोफत, आणि त्यासाठी कोणत्याही परदेशी जहाजाची वाट पाहावी लागत नाही. ही कमाई लहान नाही. तिची किंमत मात्र पंजाबच्या भूजलाने मोजली आहे: तिथे दरवर्षी जेवढे पाणी जमिनीत मुरते त्याच्या दीडपटीहून अधिक उपसले जाते, आणि त्या पाण्यावर पिकलेल्या भाताचे हक्काचे गिऱ्हाईक सरकारी गोदाम हेच आहे.

पण भात आणि चपाती एवढ्यावर जेवण होत नाही. तांबड्या रश्श्यावर जो तेलाचा कट येतो, तो सूर्यफुलाचा किंवा पामचा असेल, तर बहुधा जहाजातून आलेला असतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो: पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून, सूर्यफुलाचे तेल रशिया आणि युक्रेनमधून. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाले आणि सूर्यफूल अडकले. एप्रिलअखेर इंडोनेशियाने स्वतःच्या बाजारात तेल महागले म्हणून पामतेलाची निर्यात सुमारे तीन आठवडे बंद केली. त्या दोन महिन्यांत किराणा दुकानात तेलाच्या पिशवीचा दर जसा चढत गेला, तो सगळ्यांनी पाहिला आहे. इंडोनेशियाला दोष देण्याचेही कारण नाही, कारण मे २०२२ मध्ये आपण गव्हाची, जुलै २०२३ मध्ये बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची आणि डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात अशीच एका रात्रीत थांबवली होती. टंचाईच्या दिवसांत प्रत्येक देश आधी आपल्या घराचे दार लावून घेतो, आणि आयातीवर विसंबलेल्या देशाला हे आधीच गृहीत धरावे लागते.

इथे एक जुनी गोष्ट सांगणे भाग आहे, कारण आपण कायमच असे परावलंबी होतो असा अनेकांचा समज आहे. १९८६ मध्ये तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू झाली, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. त्यानंतर १९९४ पासून पामोलीनची आयात खुली झाली, आणि १९९८ मध्ये शुल्क १५ टक्क्यांपर्यंत उतरवले गेले. शिवाय जागतिक व्यापार संघटनेत पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावण्याची मुभा आपण राखून ठेवली. पण सोयातेलाच्या बाबतीत मात्र ४५ टक्क्यांच्या मर्यादेत स्वतःला बांधून घेतले. काही वर्षांत आयात फुगली आणि इथला भुईमूग मागे पडला.

भुईमुगाबद्दल थोडे थांबून बोलतो, कारण पीक जाते म्हणजे नेमके काय होते ते इथे जवळून दिसते. मी नोकरीला लागलो तेव्हा पन्हाळा-शाहूवाडीच्या माळरानांवर आणि गडहिंग्लज भागात खरिपात भुईमूग सहज दिसत असे. शेंगा तोडायला बायकांचे गट ठरलेले असत, पुढच्या वर्षीचे बियाणे शेंगेतच ठेवून सणंगात बांधून माळ्यावर टाकले जाई, आणि चार-पाच गावांमागे एक तरी घाणा असे, जिथे शेंगदाणे देऊन तेल आणि पेंड घरी न्यायची. स्वस्त पामोलीन आले तसा घाणा बंद पडला. घाणा गेला म्हणून शेंगांना जवळचे गिऱ्हाईक राहिले नाही, गिऱ्हाईक नाही म्हणून क्षेत्र घटले, आणि क्षेत्र घटल्यावर जो एखादा प्लॉट उरला त्यावर सगळ्या पंचक्रोशीतली रानडुकरे येऊ लागली. आज त्याच गावांत तेल महाग आहे म्हणून भुईमूग करा असे सांगितले, तर शेतकरी मला चार प्रश्न विचारतो: बियाणे कुठले, शेंगा तोडणार कोण, राखण कोण करणार आणि घेणार कोण. चारही प्रश्न बरोबर असतात. पीक एका हंगामात सुटते. ते परत बसवायला आठ-दहा वर्षे लागतात, आणि व्यापाराचा वाद किंवा युद्ध तेवढी सवड देत नाही. माझ्या दृष्टीने अन्नसुरक्षेचा खरा हिशेब गोदामातल्या पोत्यांपेक्षा या पिकवण्याच्या ताकदीचा आहे, आणि ती ताकद परदेशी दबावाने जितकी मोडते त्याहून अधिक आपल्याच धरसोडीने मोडते.

सोयाबीनचे उदाहरण ताजे आहे. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघते साधारण अठरा किलो, आणि पेंड निघते ऐंशीच्या आसपास. म्हणजे आपण त्याला तेलबी म्हणत असलो तरी त्याचा भाव ठरतो तो पेंडीवर, आणि पेंडीचा भाव ठरतो कोंबडीखाद्याची मागणी आणि निर्यात यांवर. ऑगस्ट २०२१ मध्ये खाद्य महागले म्हणून केंद्राने १२ लाख टन जनुकीय सुधारित सोयापेंडीच्या आयातीला परवानगी दिली. त्या वेळी इथले सोयाबीन काढणीला दीड महिना होता. पुढे मका आणि तांदळापासून इथेनॉल करण्याला जोर आला. त्यातून उरणारा प्रथिनयुक्त चोथा कोंबडीखाद्यात जाऊ लागला आणि पेंडीची मागणी आणखी घटली. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये असताना बाजारभाव त्याच्या बराच खाली राहिला. त्या वर्षी दसऱ्याच्या आसपास मी एका व्यापाऱ्याच्या वखारीत उभा होतो. ट्रॉलीतून मूठभर दाणे घेऊन ओलाव्याच्या यंत्रात टाकले, आकडा सोळा टक्के आला, बारा टक्क्यांवरच्या ओलाव्याची वजावट करून भाव सांगितला गेला, आणि तो शेतकरी काही न बोलता ट्रॉली पुन्हा घरी घेऊन गेला. त्याने उन्हात वाळवून आठ दिवसांनी आणले तेव्हा ओलावा कमी होता, पण भावही कमी होता.

सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचे मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के केले गेले, ते शेतकऱ्याच्या हिताचे होते. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे बरोबर पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आणले गेले. पिवळ्या वाटाण्याचेही तेच: २०१७ मध्ये ५० टक्के शुल्क, डिसेंबर २०२३ पासून शुल्क माफ, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ३० टक्के. शहरातल्या ग्राहकाला महागाईची झळ लागू नये ही सरकारची अडचण मला समजते. पण जूनमध्ये तूर किंवा सोयाबीन पेरणाऱ्याला डिसेंबरचे शुल्क काय असेल याचा अंदाज बांधता येत नसेल, तर तो त्या पिकावर पाइप, ठिबक किंवा चांगल्या बियाण्याचा खर्च करणार नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये कडधान्य आत्मनिर्भरता मोहीम सुरू झाली आहे आणि २०३०-३१ पर्यंत ३५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट तिच्यासमोर आहे. बियाणे आणि खरेदी यांची तरतूद तिच्यात आहे. आयातशुल्काची पाच वर्षांची हमीही सोबत असती, तर मी हा सल्ला अधिक निर्धास्तपणे दिला असता.

अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरचे शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले तेव्हा वाटाघाटीत मका, सोयाबीन आणि दूध यांची बाजारपेठ खुली करण्याची त्यांची मागणी होती. एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या अनुदानावर शेती करणाऱ्या देशाशी दीड-दोन एकरवाल्याने भावात स्पर्धा करायची म्हणजे काय, हे कोल्हापुरात समजावून सांगावे लागत नाही. इथल्या घराघरांत दोन-तीन म्हशी आहेत आणि दर दहा दिवसांच्या दूधबिलावर घर चालते.

व्यापारवाद आपल्यापासून दूर आहेत असे ऊस उत्पादकाला वाटत असेल, तर साखरेचा दावा आठवावा. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिथल्या लवादाने निकाल भारताविरुद्ध दिला. एफआरपीचे, म्हणजे केंद्राने ठरवलेल्या उसाच्या किमान दराचे, पैसे सरकार देत नाही, कारखाना देतो, हा आपला मुद्दा मान्य झाला नाही. सक्तीने ठरवलेला भाव हाही आधारच धरला गेला, आणि तो उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे जातो असे ठरले. आपण अपील केले, पण अपील ऐकणारे मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद आहे, म्हणून निकाल तसाच लटकला आहे. तांदळाच्या सरकारी साठ्याचीही गत काहीशी अशीच आहे. तिथला आधार १९८६-८८ च्या किमतींशी तुलना करून मोजला जातो, मर्यादा ओलांडली जाते, आणि २०१३ च्या बाली बैठकीत मिळालेल्या तात्पुरत्या संरक्षणावर आपण आजवर निभावून नेत आहोत. चाळीस वर्षांपूर्वीच्या भावाने आजचा हमीभाव मोजणे हा हिशेब आपल्या बाजारसमितीतल्या कोणत्याही अडत्याने हसण्यावारी नेला असता.

खताचा मुद्दा बहुतेकांच्या लक्षात येत नाही, म्हणून एक सोपा हिशेब देतो. आडसाली, म्हणजे जुलैच्या सुमारास लावून दीडेक वर्षाने तुटणाऱ्या, उसाला शिफारस आहे हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश. एवढा पालाश द्यायचा तर एकरी साधारण ११५ किलो म्युरेट ऑफ पोटॅश लागते, म्हणजे सव्वादोन पोती, आणि ती सगळी आयात केलेली असतात, कारण देशात पोटॅशची खाण चालत नाही. डीएपी तयार किंवा त्याचा कच्चा माल बाहेरून येतो, युरियासाठी लागणाऱ्या वायूचा मोठा भाग बाहेरून येतो, आणि चीनने निर्यात आवळली की आपल्या ठिबकमधली विद्राव्य खते दुकानातून गायब होतात. पाचट न जाळता सरीत कुजवणे, माती तपासून खत देणे, कडधान्यांचा फेर ठेवणे हे सल्ले आम्ही इतकी वर्षे उत्पादनखर्चाच्या नावाने देत आलो. त्यांना देशाच्या सुरक्षिततेचा अर्थ आहे हे मला स्वतःलाही उशिरा उमगले.

आता आपल्या जमिनीकडे आणि पाण्याकडे येतो. गगनबावड्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि शिरोळला पाचशेच्या आसपास. एकाच जिल्ह्यात एवढा फरक. वरचे पाणी खालच्या रानांना मिळावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरी धरणाचे काम हाती घेतले, पुढे नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, आणि गावोगावच्या सहकारी पाणीपुरवठा संस्थांनी ते पाणी उपसून माळांवर नेले. त्यामुळे मराठवाड्यात टँकरच्या गावात उभा असलेला ऊस आणि भोगावतीकाठचा ऊस यांना एकाच काठीने हाकणे मला पटत नाही. इथला साखरेचा उतारा देशात वरच्या क्रमांकाचा असतो. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली की नदीकाठच्या रानातले सोयाबीन दोन-तीन दिवसांत कुजते, ऊस मात्र शेंडा पाण्याबाहेर राहिला तर आठवडाभर तग धरतो. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या माणसाला मळईतला ऊस मोडून तूर लाव असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही.

पण पाणी मुबलक आहे म्हणून ते फुकट आहे असे नाही, आणि त्याची वसुली शिरोळ तालुक्यात झाली आहे. काही वर्षांपूर्वी एका शेतकऱ्याने ऊस पिवळा पडतो म्हणून बोलावले. रान लांबून पाहिले तर हिरव्या फडात मधेच टक्कल पडल्यासारखे पट्टे होते. जवळ गेल्यावर सरीच्या वरंब्यावर पांढरी पापडी दिसली, पायाखाली ती कुरकुरत होती. आम्ही खड्डा घेतला. दीड फुटावर माती चिकट आणि निळसर झाली, अडीच फुटावर खड्ड्याच्या भिंतीतून पाणी पाझरू लागले, आणि चहा होईपर्यंत तळाशी वीतभर साठले. उन्हाळ्याचे दिवस होते. “वडिलांच्या वेळी याच तुकड्यात शाळू व्हायचा,” एवढेच तो म्हणाला. भारी काळ्या जमिनीला पाळीचे पाणी धो-धो देत राहिले आणि निचऱ्याची सोय केली नाही, तर भूजल वर येते, ते सूर्याने उडते आणि क्षार वर ठेवून जाते. अशी जमीन आधी क्षारपड होते, मग चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट झालेली, पाणी न मुरणारी. देशाची लागवडीखालची जमीन कित्येक वर्षे चौदा कोटी हेक्टरच्या आसपास अडकून आहे. त्यातून अशी हजारो एकर जमीन गळणे हा अन्नसुरक्षेचा सरळ तोटा आहे. उपाय आहे: जमिनीखाली तीन-चार फुटांवर सच्छिद्र पाइप टाकून पाणी नाल्यात काढणे, मग पावसाच्या पाण्याने क्षार धुऊन घेणे, आणि चोपण जमीन असेल तरच जिप्सम. निचरा न करता नुसते जिप्सम टाकणाऱ्यांचे पैसे वाया गेलेले मी पुष्कळदा पाहिले आहेत. खरी अडचण तांत्रिक नाही; एकाचे पाणी दुसऱ्याच्या रानातून बाहेर काढावे लागते, आणि बांधाचे भांडण त्याआधी मिटवावे लागते.

आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने रान अडवतो आणि मोकळ्या पाटाने दिल्यास तीनशे सेंटीमीटरहून अधिक पाणी पितो. हरभऱ्याचे भागते साधारण पंचवीस सेंटीमीटरमध्ये. ठिबकवर उसाचे पाणी चाळीस-पन्नास टक्के वाचते, तेव्हा पहिली गोष्ट ऊस मोडण्याची नसून पाट मोडण्याची आहे. दुसरी अशी की लागणीनंतर पहिले तीन-साडेतीन महिने ऊस सगळे रान झाकत नाही. साडेचार फुटी सरीत जुलैच्या लागणीत सोयाबीन किंवा भुईमुगाची एक ओळ, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामी लागणीत हरभरा, हे नवीन जमीन आणि फारसे जादा पाणी न मागता निघते. तिसरी गोष्ट खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकाची. दुसरा-तिसरा खोडवा ओढत बसण्यापेक्षा पहिला खोडवा मार्चपर्यंत तुटल्यावर रान नांगरून तापू द्यावे, जूनमध्ये सोयाबीन, ऑक्टोबरमध्ये हरभरा घ्यावा आणि पुढच्या जुलैला पुन्हा आडसाली लावावा. सोयाबीनचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकाने रानात ठेवलेला कस, उसाला मानवतो हे आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना कुठल्या विद्यापीठाने सांगावे लागले नाही.

तुमचे रान दूधगंगेकाठचे आहे की माळाचे, हे तुम्ही कळवलेले नाही. काठाचे असेल तर ऊस राहू द्या, ठिबक करा आणि आंतरपीक घ्या. माळाचे असेल, तर एक एकर वर सांगितलेल्या फेरात घाला आणि दोन वर्षांचा हिशेब वहीत मांडून मगच वाढवा. सोयाबीनसाठी कसबे डिग्रज केंद्राचे ‘फुले संगम’ किंवा ‘फुले किमया’ हे वाण आपल्या भागातल्या तांबेरा रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. दोन्ही सरळ (संकरित नसलेले) वाण आहेत, त्यामुळे दरवर्षी पिशवी विकत घेण्याची गरज नाही. मळणी यंत्राचे फेरे कमी ठेवून घरचे बियाणे राखा, पोत्यांची थप्पी उंच लावू नका. मे महिन्यात त्यातले शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने ठेवा, गुंडाळी करून सावलीत राहू द्या आणि पाच-सहा दिवसांनी उघडून कोंब मोजा. सत्तर किंवा अधिक आले तर एकरी तीस किलो पुरे. साठ आले तर त्या प्रमाणात वाढवा. त्याहून कमी आले तर ते बियाणे विकून टाका आणि दुसऱ्याचे तपासलेले घ्या.